शाळेआधी मास्तर

साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी बोलताना सहसा आकडे सांगितले जातात. इतक्या शाळा, इतकी महाविद्यालये, इतके विद्यार्थी. आकडे खरे आहेत आणि मोठेही आहेत. पण त्यांच्या आड एक साधा प्रश्न झाकला जातो. या शाळांत शिकवायला आणि त्या चालवायला माणसे कोठून आली? ज्या मुलखात कुणबी, धनगर, रामोशी, महार, मांग, मुसलमान शेतकरी यांच्या घरांत अक्षरओळख असलेला माणूस विरळा, तिथे शेकडो मास्तर आणि हेडमास्तर कोणत्या झाडाला लागले होते? हा धागा त्या प्रश्नाचा आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात मात्र साताऱ्याच्याही आधी, पुण्यातून करावी लागते.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी भारतीय शिक्षण आयोगापुढे एक लेखी निवेदन सादर केले. अध्यक्षांच्या नावावरून आपण त्याला हंटर आयोग म्हणतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्या निवेदनातली मागणी पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचली आहे. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही तक्रारही बहुतेकांच्या परिचयाची आहे. शिक्षकांविषयीचा भाग मात्र फारसा उद्धृत होत नाही, आणि आपल्याला हवा आहे तो नेमका तोच.

जोतीराव तिथे सांगतात की प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. त्यांपैकी प्रशिक्षण घेतलेले थोडे, बाकीचे तसेच नेमलेले. पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा: शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत, म्हणजे ते गावकऱ्यांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना अधिक चांगल्या कळतील. प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाही, असा मास्तर त्यांना हवा होता. प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये पगार असावा, हेही त्यांनी लिहून ठेवले.

हे निवेदन केवळ ब्राह्मणविरोधाच्या चौकटीत वाचले की त्यातला व्यवहार निसटतो. त्या काळच्या खेड्यात मास्तर नुसता शिकवणारा नव्हता. अर्ज लिहिणे, सरकारी कागद वाचून दाखवणे, सावकाराच्या कागदात काय लिहिले आहे ते सांगणे, यासाठी गावाकडे दोन-तीनच माणसे असत, आणि मास्तर त्यांतला एक. तो ज्या वर्गाला आपला वाटे, त्या वर्गाची पोरे शाळेत टिकत. अस्पृश्य मुलाला वर्गाबाहेर ओसरीवर बसवायचे की आत घ्यायचे, त्याची पाटी हातात धरून तपासायची की दुरूनच पाहायची, हा निर्णय व्यवहारात मास्तरच घेई. सुगीच्या दिवसांत पोर शेतावर गेले तर त्याचे नाव कापायचे की पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा बोलावून घ्यायचे, हेही त्याच्याच हाती. शाळेचे नेतृत्व म्हणतात ते खेड्यात असे दिसत असे.

जोतीरावांची सूचना कागदावर राहिली, आणि तिच्या वाटेत एक चक्र आडवे आले. रयतेत शिकलेले लोक नाहीत म्हणून रयतेतून मास्तर मिळत नाहीत, आणि रयतेतले मास्तर नाहीत म्हणून रयत शिकत नाही. प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचे तर व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा गाठीशी लागे. वरच्या इयत्तांच्या शाळा मोठ्या गावी किंवा तालुक्याला. खेड्यातल्या पोराला तिथे राहायचे कोठे आणि जेवायचे काय? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून जेवण्याची किंवा माधुकरीची सोय होती. सात घरी सात वार जेवून न्यायाधीश झालेल्यांच्या कथा मराठी चरित्रांत विपुल आहेत. कुणब्याच्या किंवा महाराच्या पोराला वार कोण लावणार? शाळा फुकट केली तरी त्याच्यासाठी शहर फुकट होत नव्हते. महाराष्ट्रातल्या बहुजन शिक्षणाचा इतिहास शाळेच्या इमारतीपेक्षा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापासून सुरू होतो, त्याचे कारण हे आहे.

हे पहिल्यांदा ओळखले कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमानांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशा अनेक समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या, म्हणजे शिकून बाहेर पडणाऱ्यासाठी पुढचे दारही उघडले. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. मुलींच्या शिक्षणाची धुरा रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती, हेही नोंदवायला हवे. अनेक लेखांतून हे नाव गळून पडते.

जातवार वसतिगृहांवर आज टीका होते. ती करताना त्या काळचा हिशेब ध्यानात घेतलेला बरा. देणगी जातीच्या नावाने मिळे, पालक जातीच्या भरवशावर मूल पाठवत, आणि प्रत्येक समाजात वसतिगृह चालवणारे दहा-पाच कार्यकर्ते तयार होत. ही सोय होती. पण सोयीला कुंपणही होते, आणि त्या कुंपणाचा काटा ज्या एका विद्यार्थ्याला लागला त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना काढून टाकण्यात आले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला. अभ्यासात मात्र भाऊरावांची गती बेताची होती; इंग्रजी सहाव्या इयत्तेपलीकडे त्यांची गाडी गेली नाही.

बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. काही वर्षांनी, १९१४ मध्ये, कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना कोठडीत छळले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याच्याविरुद्धही खोटे बोलायला ते तयार झाले नाहीत. शिक्षणाच्या इतिहासाशी या घटनेचा थेट संबंध नाही. पण पुढे ज्यांच्या शब्दावर शेकडो तरुण तुटपुंज्या पगारात आडगावी जाऊन राहिले, त्या माणसाची ओळख म्हणून ती सांगून ठेवावी अशी आहे.

शिक्षण सुटल्यावर भाऊरावांनी पोटासाठी जे केले ते त्यांच्या पुढच्या कामाला फार उपयोगी पडले. साताऱ्यात शिकवण्या केल्या आणि मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला गावातल्या पाटलाशी बोलावे लागते, शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागते, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाच्या शब्दाला किंमत आहे हे ओळखावे लागते. कोणत्या गावात हुशार पोर गुरांमागे फिरते आहे, हेही वाटेत कळते. संस्था उभारणाऱ्या अनेकांना खेडे पुस्तकातून माहीत होते, भाऊरावांना ते पायाखालून माहीत होते. जोतीरावांना नांगराला हात लावायला न लाजणारा मास्तर हवा होता. इथे नांगर विकणाराच मास्तर घडवायला निघाला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तिच्या आरंभीच्या उद्देशांत मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव वाढवणे, स्वावलंबनाची सवय लावणे अशी कलमे होती. त्यांतला प्रेमभावाचा मुद्दा आज सुविचारासारखा वाटतो. त्या वेळी त्याचा अर्थ अगदी ठोस होता: एका पंक्तीत जेवायचे, एका खोलीत झोपायचे. कालेला आणि नेर्ल्याला लहान वसतिगृहे निघाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्याला हलले आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. ज्यांनी जातवार वसतिगृहे काढली त्यांचेच नाव सर्वजातीय वसतिगृहाला मिळाले, आणि ते देणारा माणूस जातीच्या वसतिगृहातून हाकललेला होता. यात कृतघ्नता तर नव्हतीच, उलट गुरूचे काम पुढच्या पायरीवर नेल्याची ती नम्र कबुली होती.

या बोर्डिंगचा दिनक्रम नीट पाहिला तर भाऊरावांची शिक्षक घडवण्याची रीत तिथेच दिसते. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातली कामे मुलांनीच करायची. धान्य गावोगावच्या घरांतून मुठीमुठीने गोळा होई. भाकरी महाराच्या मुलाने थापली म्हणून पाटलाच्या मुलाने पानावरून उठायचे नाही, हा नियम भाषणातून शिकवला गेला नाही. भूक लागली की तो आपोआप अंगवळणी पडे. पुढे हेडमास्तर होणाऱ्याला जे लागते त्याचा मोठा भाग इथे आला: साठा मोजून वापरणे, कामाची पाळी लावणे, रुसलेल्याला समजावणे, वेगळ्या जातीच्या सोबत्याचा हुकूम ऐकणे आणि वेळ आल्यावर त्याला हुकूम देणे. त्यांतले शेवटचे दोन गुण कोणत्याही सरकारी ट्रेनिंग कॉलेजच्या अभ्यासक्रमात नव्हते.

या स्वयंपाकघराची किंमत कोणी मोजली? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींची मुले घरात घेतली, त्यांना रांधून घातले आणि बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. मंगळसूत्राची गोष्ट आता भाषणांत इतक्यांदा सांगितली जाते की तिच्यामागचे रोजचे काम दिसेनासे झाले आहे. दागिना एकदाच देता येतो. डझनावारी पोरांची आजारपणे, भांडणे आणि घरची आठवण रोज सांभाळावी लागते. आजच्या भाषेत त्या त्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. त्यांना असे कोणतेही पद कधी मिळाले नाही.

१९३२ मध्ये पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, सवर्ण आणि अस्पृश्य विद्यार्थी एकत्र राहावेत म्हणून. आणि मग १९३५ साल उजाडले.

१६ जून १९३५ रोजी संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच महिन्यात साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. नाव बादशहा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवावरून. सत्यशोधकी वळणाच्या आणि गांधींना मानणाऱ्या माणसाने इंग्रज बादशहाच्या नावाने संस्था काढावी याचे तरुण वाचकाला नवल वाटेल. भाऊरावांना मान्यता आणि अनुदान हवे होते. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आत कोण बसले आहे याची त्यांना चिंता होती. पुढे हेच कॉलेज महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले.

संस्थेजवळ तेव्हा स्वतःचे एकही हायस्कूल नव्हते. तरीही पहिली मोठी उडी मारली ती शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजची, आणि तेही ग्रामीण. सरकारी ट्रेनिंग कॉलेजे पुणे, धुळे अशा मोजक्या ठिकाणी होती. तिथे जाऊन आलेला खेड्यातला तरुण पुष्कळदा शहराचाच होऊन जाई. साताऱ्याच्या कॉलेजात येणारा तरुण खेड्यातून आलेला होता, शिकताना श्रम करत होता आणि परत खेड्यातच जायचे हे त्याने गृहीत धरलेले होते.

या दूरदृष्टीचा उपयोग दोनच वर्षांत झाला. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि ज्या गावांत शाळाच नाही तिथे खासगी संस्थांनी अनुदानावर शाळा काढाव्यात, अशी योजना पुढे आली. या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. योजना सर्वांसाठी खुली होती. पण आडरानातल्या वाडीवर जाऊन राहील असा शिक्षक किती संस्थांकडे होता? रयतेकडे होता. डोंगरकपारीतल्या गावांत देवळात, चावडीत, कोणाच्या पडवीत शाळा भरू लागल्या. संस्थेच्या नोंदींत या व्हॉलंटरी शाळांची संख्या ५७८ अशी येते. एका खासगी संस्थेने, तेही मुख्यतः एका जिल्ह्याच्या परिसरात, दहा-बारा वर्षांत हे केले. त्या काळी वाळवा, तासगाव हे आजच्या सांगलीतले तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते, हे लक्षात घेतले तरी आकडा थक्क करणारा आहे.

एकशिक्षकी शाळेचा मास्तर हाच तिचा हेडमास्तर, कारकून आणि शिपाई. वर्ग भरवायचा, गावाकडून जागा मिळवायची, तपासणीला येणाऱ्या साहेबाला हजेरीपट दाखवायचा, आणि महारवाड्यातली पोरे वर्गात बसवल्याबद्दल गावात कुरबुर झाली तर तिलाही तोंड द्यायचे. वीस-बावीस वर्षांच्या पोराला हे झेपले, कारण त्याने ते बोर्डिंगात आधी पाहिले होते. तो स्वतः कुणब्याचा किंवा धनगराचा असला की गावाचा त्याच्याविषयीचा पहिला संशय गळून पडे. पण त्याच्याकडून गावाची अपेक्षाही वाढे. आपलाच माणूस, तो आपल्या रूढीही पाळील, असे गावाला वाटे. तिथे खरी कसोटी लागे. एका जातीचा मास्तर बदलून दुसऱ्या जातीचा आणणे एवढ्यावर काम भागत नव्हते. बोर्डिंगात सर्वांबरोबर जेवलेला मास्तर आणि केवळ बहुजन घरातला मास्तर यांत फरक होता, आणि भाऊरावांचे वेगळेपण त्या फरकात आहे.

१९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, मोफत आणि निवासी. श्रमाच्या बदल्यात शिक्षण हे तत्त्व तिथे रुजले. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, हे संस्थेचे घोषवाक्य सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी सेवकांची स्वतःची सहकारी पेढीही उभी राहिली, रयत सेवक को-ऑपरेटिव्ह बँक. ही बाब कोरडी वाटेल, पण महत्त्वाची आहे. सावकाराच्या कर्जात बुडालेला मास्तर गावातल्या सावकारापुढे ताठ मानेने उभा राहू शकत नाही.

मग पुन्हा तीच पद्धत, एक पायरी वर. माध्यमिक शाळा काढायच्या तर पदवीधर हवेत, आणि रयतेच्या घरांत पदवीधर नाहीत. म्हणून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका ही योजना तिथे महाविद्यालयीन पातळीवर आली. मुले शेतात राबत, रस्त्याची कामे करत आणि बी. ए. होत. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी जाहीर केला, तो या कॉलेजच्या भरवशावर. १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले आणि १९५५ मध्ये साताऱ्यातच पदवीधरांना शिक्षकी पेशाचे शिक्षण देणारे आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. क्रम पाहावा: १९३५ ला ट्रेनिंग कॉलेज, मग गावोगावच्या प्राथमिक शाळा, १९४७ ला पदवी कॉलेज, मग माध्यमिक शाळांचा विस्तार. दोन्ही वेळी मास्तर आधी, शाळा नंतर. बहुतेक संस्थाचालक आधी इमारतीची कोनशिला बसवतात, हे सांगायला इतिहासाच्या पुस्तकाची गरज नाही.

सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. भाऊरावांची जीभ तिखट होती. स्वातंत्र्यानंतर सत्ताधाऱ्यांवर केलेल्या टीकेपायी संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. गावांनी धान्य-पैसा दिला, सेवकांनी पगाराविना दिवस काढले, आणि गाडगे महाराजांनी खेरांकडे रदबदली केल्यावर अनुदान पुन्हा सुरू झाले. अक्षरशत्रू कीर्तनकार एका शिक्षणसंस्थेसाठी मुख्यमंत्र्यांकडे शब्द टाकतो, हा प्रसंग महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात फार बोलका आहे. अनुदानाविनाही संस्था कोसळली नाही, कारण तोवर ती एका माणसाच्या खांद्यावर उरली नव्हती. आजीव सेवकांची, म्हणजे लाइफ मेंबरांची, एक फळी उभी होती, आणि त्यांतले अनेक बोर्डिंगातच वाढलेले होते.

या फळीतून काय घडले याची दोन उदाहरणे पुरे. लहानपणी शाहू बोर्डिंगात आलेले पी. जी. पाटील पुढे विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, संस्थेतच रमले आणि १९७० च्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसरे एन. डी. पाटील. वाळवा तालुक्यातल्या ढवळीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १९५४ मध्ये साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात प्राध्यापक आणि कमवा-शिका वसतिगृहाचा रेक्टर झाला, १९६० मध्ये इस्लामपूरच्या महाविद्यालयाचा प्राचार्य, पुढे राज्याचा सहकारमंत्री आणि रयत शिक्षण संस्थेचा अध्यक्षही. प्रसिद्ध नावे घेण्यात एक धोका असतो. या कामाचे खरे माप कुलगुरूंच्या संख्येवरून निघत नाही, ते त्या अनामिक प्राथमिक मास्तरांवरून निघते, ज्यांच्या शाळा पुढे जिल्हा स्कूल बोर्डांकडे गेल्या आणि ज्यांची नोंद फक्त जुन्या हजेरीपटांत उरली.

आता हिशेबाची दुसरी बाजू. बहुजन हा शब्द विशाल आहे, पण त्याच्या सावलीत सगळ्यांना सारखी जागा मिळाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्या घरात दोन बिघे का होईना जमीन होती, त्या घरातले पोर बोर्डिंगात पाठवणे सोपे होते. भूमिहीन अस्पृश्य घरात त्याच पोराच्या मजुरीवर चूल पेटत असे. एका पंक्तीत जेवलेले सगळे पुढे एकाच वेगाने वर चढले नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि मुंबईत सिद्धार्थ, औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्यामागे हीच जाणीव होती की दलितांना इतरांच्या संस्थेत जागा मिळणे पुरेसे नाही, संस्था चालवण्याचा अधिकारही हाती हवा. दोन्ही मार्ग एकमेकांचे शत्रू नव्हते. पण ते दोन मार्ग होते, आणि रयतेच्या कौतुकात दुसऱ्याचे कारण विसरले जाऊ नये.

स्त्रियांच्या बाबतीत उशीर अधिक ठळक आहे. आरंभीची वसतिगृहे मुलांची, मास्तर पुरुष, आजीव सेवकही बहुतांशी पुरुष. हे ज्या परंपरेत घडले तिच्या मुळाशी सावित्रीबाई फुले होत्या. जोतीरावांनी आयोगापुढे निवेदन दिले त्याच्या तीन दशके आधीच त्या शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या होत्या, आणि फातिमा शेख त्यांच्या सोबत होत्या. शेतकरी घरातला मास्तर घडवण्याची सूचना पन्नास वर्षांनी का होईना अमलात आली. शेतकरी घरातली मास्तरीण घडवण्याचे काम त्याहून मागे राहिले. संस्थेने पुढे साताऱ्यात जिजामातांच्या नावाने अध्यापिका विद्यालय काढले आणि खेड्यांतल्या मुली शिक्षिका होऊन बाहेर पडू लागल्या.

९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली होती, इंग्रजी सहावीत अडकलेल्या माणसाला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी. साताऱ्यात धनिणीच्या बागेत शाहू बोर्डिंग होते, त्याच गावात पुढे संस्थेचे मुलींचे वसतिगृहही उभे राहिले. त्याला नाव दिले गेले लक्ष्मीबाई पाटील यांचे.